पाटाखालचं पाणी

नीरा डाव्या कालव्याला आवर्तन सुटलं की मामा विहिरीत डोकवायला जायचे. पहिल्या दिवशी काही फरक नसायचा. दुसऱ्या दिवशीही नसायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र ते थारोळ्यावर उभे राहून मला बोलवायचे आणि म्हणायचे, "बोलू नगं, ऐक." खालून आवाज यायचा. आधी थेंबांचा, संध्याकाळपर्यंत बारीक धारेचा. विहीर सहा परसांची. वरचा दीड परस काळी, मग मुरूम आणि मांजऱ्या, खाली काळा कातळ. मुरूम संपून कातळ जिथं लागतो त्या सांध्यावर ओलीची रेघ उमटायची आणि तिथून पाणी उतरायचं. पाट विहिरीपासून जेमतेम दीडशे पावलांवर. मामांच्या नावावर पाटाच्या पाण्याची पाळी होती, पण त्यांचा भरवसा पाळीवर नव्हता. पाळी मागंपुढं व्हायची, कधी चुकायची. पाझर चुकायचा नाही.

त्याच पाटाच्या खालच्या अंगाला, अर्ध्या किलोमीटरवर, ओढ्याच्या काठी मामांच्या चुलतभावाचं, अण्णांचं रान. तिथं ऊस गुडघ्याएवढा व्हायचा आणि पिवळा पडायचा. पुढं तेवढाही येईना. सकाळी ते रान पाहिलं तर नुकताच पाऊस पडून गेल्यासारखं काळपट, ओलसर दिसायचं. ऊन चढलं की त्यावर पांढरी भुकटी यायची. दुपारी त्यावरून चाललं की पायाखाली पापडी मोडल्यासारखा आवाज व्हायचा आणि चपलेला खालचा चिखल चिकटायचा. अण्णा त्याला चोपण म्हणायचे. लहानपणी मला वाटायचं, मामांचं नशीब चांगलं आणि अण्णांचं वाईट. दोघांच्या रानात पोचलेलं पाणी एकच होतं, हे कळायला मला फार वर्षं लागली. या लेखात त्या पाण्याच्या वाटेनं जायचं आहे.

कालव्याच्या कागदोपत्री हिशेबात या पाण्याला गळती म्हणतात किंवा वहनव्यय. धरणातून सोडलेलं पाणी आणि चारीच्या तोंडाशी मोजलेलं पाणी यांतली तूट. गावात त्याला पाझर म्हणतात. बाई मायेनं पान्हावली, माणूस दुःख पाहून पाझरला, हे आपल्या भाषेत सहज येतं. गळकं मात्र छप्पर असतं, नाहीतर भांडं. एकाच पाण्याला दोन नावं पडली आहेत आणि कालव्यांवरच्या भांडणाचा मोठा भाग या दोन नावांत आहे.

किती पाणी असं जातं? भूजलाचा अंदाज बांधण्यासाठी देशात जे निकष वापरले गेले, त्यांतल्या १९९७ च्या निकषांत याचा आकडा आहे. थोडी चिकणमाती असलेल्या साध्या जमिनीत, अस्तर नसलेल्या कालव्याच्या दर दहा लाख चौरस मीटर ओल्या पृष्ठभागातून सेकंदाला १.८ ते २.५ घनमीटर पाणी मुरतं. वाळूसर जमीन असेल तर ३ ते ३.५. हा आकडा असा वाचला तर हाती काही लागत नाही. म्हणून मी तो मोडून पाहिला. सेकंदाला २ घनमीटर धरलं, तर कालव्याच्या तळातून आणि बाजूंतून दिवसाला सुमारे १७ सेंटिमीटर पाणी जमिनीत उतरतं. म्हणजे पाऊण वीत, रोज. ऐन वैशाखात उन्हानं उडून जाणारं पाणी दिवसाला सेंटिमीटरभराच्या आसपास असतं. कालव्यातलं पाणी उन्हानं जातं अशी आपली समजूत असते. खरं तर ते पायाखालून जातं. आता कालव्याचा तळ आणि दोन्ही उतार मिळून ओला पृष्ठभाग वीस मीटर रुंद आहे असं समजा. एका किलोमीटरमागे दिवसाला जवळपास साडेतीन हजार घनमीटर पाणी झालं. दहा हजार लिटरचे साडेतीनशे टँकर. नीरा डावा कालवा सुमारे दीडशे किलोमीटर लांब आहे, मात्र त्याची रुंदी आणि माती सगळीकडे सारखी नाही, त्यामुळे सरळ गुणाकार करून मोठा आकडा सांगण्याचा मोह मी आवरतो.

पाणी मातीतून कसं सरकतं याचा पहिला नेमका नियम १८५६ मध्ये हेन्री डार्सी या फ्रेंच इंजिनिअरनं मांडला. दिजों शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी तो वाळूचे थर तपासत होता. पाण्याच्या पातळीतला फरक जितका जास्त, तितकं पाणी जास्त, आणि वाट जितकी लांब तितकं कमी. उरलेलं सगळं मातीच्या हाती. ही एवढीच गोष्ट, पण आपल्याकडे तिला वेगळं वळण लागतं, कारण दख्खनची माती थरांची आहे.

काळी माती कोरडी असताना तोंड वासते. उन्हाळ्यात भेगांमध्ये हात जातो, काठी जाते. म्हणून बंद असलेल्या पाटाला पाणी सुटलं की पहिले दोन-तीन दिवस पुढे काही पोचतच नाही, भेगाच पाणी पितात. शेवटच्या गावचे लोक या दिवसांत पाटाकडे डोळे लावून बसतात. मग काळी फुगते, भेगा मिटतात आणि तीच माती जवळजवळ पाणी अडवणारी होते. नुसती काळी असती तर पाझर मामांच्या विहिरीपर्यंत आला नसता. पण पाट समपातळी रेषेनं डोंगराच्या कडेकडेनं आणलेला असतो. कुठं तो काळीतून जातो, कुठं खोदाईत मुरूम उघडा पडतो, कुठं ओढा ओलांडताना भरावावर चढतो. मुरूम उघडा पडलेल्या जागी पाण्याला दार सापडतं. पाणी सरळ खाली उतरतं, कातळाला टेकतं, तिथं साचून उंचवटा धरतं आणि मग उताराच्या दिशेनं, नदीकडे, मुरमातून सरकू लागतं. वरून काळीचं झाकण, खालून कातळाचा तळ आणि मध्ये मुरमाची नळी.

मामांची विहीर त्या नळीतच उतरली होती. अण्णांच्या रानाखाली मात्र ती नळी बुजत होती. कातळ वर येतो किंवा मुरूम पातळ होतो, अशा जागी मागून येणारं पाणी पुढं जाऊ शकत नाही आणि दाबानं काळीत वर चढतं. पाणी जमिनीपासून चार-पाच फुटांवर आलं की मातीचे बारीक कण ते वातीसारखं ओढून घेतात. वर ऊन असतं. पाणी उडतं, क्षार उरतात. बारामती भागात वर्षाचा पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटर, त्यामुळे खडक झिजून हजारो वर्षांत तयार झालेले क्षार धुऊन जाण्याऐवजी मातीतच राहिलेले. पाटानं ते आणले नाहीत, वर उचलले. पुढं सोडियम काळीच्या कणांना चिकटला की माती पाणी आत घेत नाही, ओली असताना लोण्यासारखी आणि वाळल्यावर विटेसारखी होते. पाझरामुळे बिघडणारं रान पाटाच्या कडेला असेलच असं नाही, हे यातून लक्षात येतं. ज्याचं नुकसान होतं त्याच्या रानातून अनेकदा पाट दिसतसुद्धा नाही.

नीरेच्या खोऱ्यात हे नवीन नाही. डावा कालवा १८७६-७७ च्या दुष्काळात, भुकेल्या माणसांना काम म्हणून खोदायला घेतला गेला आणि १८८५ मध्ये पाणी सुटलं. भाटघरचं जुनं धरण त्यानंतरचं, १८९२ चं. सासवडचे माळी बागायतदार या पाण्यामागून आले आणि उसाचा पट्टा उभा राहिला. पंचवीस वर्षं होतात न होतात तोच, १९१० मध्ये, मुंबई इलाख्याच्या शेती खात्यातले हॅरल्ड मान आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हणे यांना नीरा खोऱ्यातल्या क्षारपड जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका लिहावी लागली. पिंपळे सौदागर गावाच्या पाहणीमुळे पुढं समाजशास्त्रज्ञांना माहीत झालेले मान ते हेच. माती तपासणारा रसायनशास्त्रज्ञ ही त्यांची ओळख मला जास्त जवळची वाटते. विश्वेश्वरय्या पुण्यात इंजिनिअर असताना त्यांनी नीरा कालव्यावर ऊस आणि इतर पिकं ठरावीक गटांत, फेरपालटीनं घेण्याची पद्धत आणली. तिच्यामागंही पाणी एका जागी साचू नये हा विचार होता.

पण खरा उलगडा इंग्लिस यांच्या काळात झाला. इंजिनिअर क्लॉड इंग्लिस १९०६ मध्ये हिंदुस्थानात आले. मुंबई सरकारनं १९१६ मध्ये सिंचनाच्या अभ्यासासाठी जी छोटी शाखा सुरू केली, ती त्यांच्या हाती वाढली. खडकवासल्याची आजची जल आणि विद्युत संशोधन संस्था तिचंच रूप. इंग्लिस आणि गोखले यांनी दख्खनच्या कालव्यांवरच्या निचऱ्याबद्दल १९२८ मध्ये जे लिहिलं, त्याचं सार असं की पाणी काळीतून चालत नाही, तिच्याखालच्या मुरमातून चालतं. म्हणून चर मुरमाला भिडला नाही तर उपयोग नाही. हे वाचलं तेव्हा मला अण्णांच्या वडिलांनी, आबांनी, खोदलेला चर आठवला. तीन फूट खोल, बांधाच्या कडेनं, सगळ्या घरानं राबून काढलेला. रान चिखलानं भरलेलं असायचं आणि चर कोरडा. गावात त्यावरून त्यांना लोक हसत. त्यांची मेहनत कमी नव्हती. आणखी चार फूट खाली जायचं आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. ते लिहून ठेवलेलं होतं, इंग्रजीत.

नीरेच्याच खोऱ्यात पाडेगावला १९३२ मध्ये ऊस संशोधन केंद्र निघालं. तिथल्या बसू आणि सिरूर यांनी १९३८ मध्ये नीरा उजवा आणि प्रवरा कालव्यांखालच्या मातीचं वर्गीकरण प्रसिद्ध केलं. कोणती माती बारमाही पाणी सोसेल आणि कोणती मोडेल, हे त्यातून आधीच सांगता येत होतं. ज्ञान होतं, नकाशे होते. आणि ऊस मात्र पाणी जाईल तिथं गेला.

कायद्यानं या पाझराकडे कसं पाहिलं, तेही पाहण्यासारखं आहे. १८७९ च्या मुंबई पाटबंधारे कायद्यात एक कलम होतं. कालव्यापासून दोनशे यार्डांच्या आतल्या लागवडीच्या जमिनीला पाझरामुळे प्रत्यक्ष पाणी दिल्यासारखा फायदा होत असेल, किंवा दोनशे यार्डांच्या आत खोदलेल्या विहिरीतून कालव्याचं पाझरलेलं पाणी कुणी घेत असेल, तर कालवा अधिकारी त्यावर पाणीपट्टी लावू शकत असे. मामांची विहीर या मापात बसली असती. पाझर म्हणजे फायदा, आणि फायद्याचा पैसा सरकारचा, हे १८७९ मध्येच लिहिलेलं होतं. उत्तर हिंदुस्थानासाठी १८७३ मध्ये झालेला कायदा त्याची दुसरी बाजू दाखवतो. कशाची भरपाई मिळणार नाही याची त्यात यादी आहे. पाझर थांबल्यानं किंवा घटल्यानं झालेलं नुकसान, आणि हवा किंवा जमीन बिघडल्यानं झालेलं नुकसान, दोन्ही त्या यादीत आहेत. पंजाबातला एखादा शेतकरी पाझरावर जगत असेल आणि पाझर बंद झाला, तरी त्याला काही मिळणार नव्हतं. पाझरानं त्याचं रान कल्लर, म्हणजे क्षारपड, झालं, तरीही नाही. दीडशे वर्षांत कायदे बदलले, आपला १९७६ चा पाटबंधारे अधिनियम आला. तरी पाझरानं शेत बुडालेल्या माणसाकडे पाहण्याची नजर फारशी बदलल्याचं मला जाणवलेलं नाही. अण्णांनी अनेक वर्षं अर्ज केले. प्रत्येक वेळी उत्तर एकच: शेतकऱ्यानं पाणी जास्त दिल्यामुळे जमीन खराब झाली. त्या रानाला त्यांनी पाणी देणं केव्हाच सोडलं होतं.

आणि याच राज्यानं १९७२ च्या दुष्काळात हजारो पाझर तलाव बांधले. दगड फोडणाऱ्या बायामाणसांच्या हातांनी. त्या तलावांचं काम एकच, पाणी मुरू देणं. तलावातून मुरतं ते पुनर्भरण, कालव्यातून मुरतं ते गळती. मामांच्या विहिरीला हा भेद ठाऊक नव्हता.

आता पाटाला काँक्रीटचं अस्तर घालायचं चाललं आहे. त्यामागची गरज खोटी नाही. टेलच्या गावांना, म्हणजे कालव्याच्या शेपटीकडच्या इंदापूरसारख्या भागाला, हक्काचं पाणी पोचत नाही, हे त्यांचं दुःख मी पाहिलेलं आहे. निकषांप्रमाणे अस्तर असलेल्या कालव्यातून अस्तराविना होणाऱ्या पाझराच्या वीस टक्केच पाझर धरतात. म्हणजे वरच्या हिशेबातले साडेतीनशे टँकर सत्तरवर येतात. तरीही गेल्या काही वर्षांत नीरा डाव्या कालव्याच्या अस्तरीकरणाला बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्यांनी विरोध केला, आणि त्यांचं म्हणणं साधं होतं: आमच्या विहिरी आटतील. पाण्याची बचत नको म्हणणारे अडाणी, अशी त्यांची संभावना झाली. मला ती अन्यायाची वाटते. वाचलेलं पाणी कुठून वाचतं, हा प्रश्न ते विचारत होते. ते त्यांच्याच विहिरीतून वाचणार होतं.

हाच प्रश्न अमेरिका आणि मेक्सिकोच्या सीमेवर उभा राहिला होता. कोलोरॅडो नदीचं पाणी कॅलिफोर्नियाच्या इम्पीरियल खोऱ्यात नेणारा ऑल-अमेरिकन कालवा वाळूतून, सीमेला लागून जातो. त्याच्या पाझरावर पलीकडच्या मेक्सिकाली खोऱ्यातल्या विहिरी आणि पाणथळी अनेक दशकं जगल्या. अमेरिकेनं सुमारे सदतीस किलोमीटर लांबीचा नवा काँक्रीटचा कालवा बांधायचं ठरवलं. मेक्सिकोकडच्या लोकांनी कोर्टात दाद मागितली. २००६ मध्ये अमेरिकी काँग्रेसनं कायदा करून वाट मोकळी केली आणि २००९ मध्ये काम पुरं झालं. वर्षाला ६७,७०० एकर-फूट पाणी वाचलं, आपल्या मापात जवळपास तीन टीएमसी, आणि त्यातलं बहुतेक सॅन डिएगोच्या वाट्याला गेलं. मेक्सिकालीच्या शेतकऱ्याला मतदानाचा हक्क त्या देशात नव्हता. आपला शेतकरी तर याच देशातला, याच तालुक्यातला.

काळीत अस्तर टिकवणंही सोपं नाही. माती फुगते तेव्हा लाद्या उचलते, आटते तेव्हा त्या मधोमध तडकतात. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी १९७० च्या दशकात यावर उपाय दाखवला. लादी आणि काळी यांच्यामध्ये न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा जाड थर घालायचा, म्हणजे खालच्या फुगाऱ्याला तो आवरतो. हा थर नीट घातला तर अस्तर राहतं. मुरूम मिळाला तो ओतला आणि वर काँक्रीट टाकलं, तर चार पावसाळ्यांत तडे. शिवाय पाट बंद झाल्यावर मागचं भूजल लाद्यांना आतून ढकलतं, म्हणून त्यांत पाझरछिद्रं ठेवावी लागतात. ती बुजली की लाद्या पडतात.

भरावावर मात्र अस्तर हवंच, तिथं मी दुसरं मत ऐकणार नाही. गावच्या जुन्या पाटकऱ्यानं एकदा मला भरावाच्या पायथ्याशी उभं करून शिकवलं होतं. पाझर नितळ असेल तर घाबरायचं नाही. गढूळ झाला की धावत सुटायचं, कारण आता पाण्याबरोबर मातीही येऊ लागली. खेकड्याच्या, उंदराच्या बिळातून बारीक धार वाट काढते, कण कण नेते आणि एका सकाळी भराव बसतो. २७ सप्टेंबर २०१८ रोजी पुण्यात जनता वसाहतीजवळ मुठा उजव्या कालव्याची भिंत फुटून दांडेकर पुलाच्या परिसरात पाणी घुसलं. तेव्हा तत्कालीन जलसंपदा मंत्र्यांनी बोट दाखवलं तेही बिळांकडेच. घरं गेली ती कालव्याखालच्या वस्तीतल्या हातावर पोट असलेल्या माणसांची.

म्हणून मला सगळीकडे एकच उपाय पटत नाही. जिथं खाली विहिरी दाट आहेत आणि उपसा चालू आहे, तिथं पाझर मुरू द्यावा, कारण त्या विहिरीच निचऱ्याचं काम करतात. मामांनी पाणी उपसलं नसतं तर ते आणखी खाली जाऊन दुसऱ्या कुणाचं रान चोपण करून गेलं असतं. जिथं विहिरी नाहीत, खाली कातळ वर आलेला आहे, तिथं पाटाला अस्तर घालावं किंवा मुरमापर्यंत चर घ्यावेत. शिरोळ तालुक्यात जमिनीखाली सच्छिद्र पाइपांचं जाळं घालून क्षारपड रानं पुन्हा पिकाखाली आणली जात आहेत, तेही याच तत्त्वावर. यासाठी पाटाच्या प्रत्येक किलोमीटरखाली काय आहे आणि तिथं कोण जगतं आहे, हे आधी पाहावं लागेल. निविदेत लांबी, जाडी आणि दर असतो. विहिरींचा रकाना मी अजून पाहिलेला नाही.

मामा गेले, अण्णाही गेले. गेल्या माघात मी अण्णांच्या मुलाबरोबर, दादाबरोबर, त्या रानात गिरमिट घेऊन गेलो. लोखंडी दांडा, खाली पिळाचं पातं, वर आडवी मूठ. दोघांनी आळीपाळीनं फिरवायचं आणि दर वीतभरानं वर काढून माती पाहायची. पहिला फूट पांढरट, ठिसूळ. मग काळीभोर, चिकट, पात्यावरून बोटानं ओरबाडून काढावी लागणारी. तीन फूट, चार फूट. तिच्यात चुनखडीचे खडे लागू लागले. पाच फुटांवर माती राखाडी झाली, तिला कुबट वास होता. भोकात पाणी नव्हतं. दादा म्हणाला, "बघा, आबांचा चर असाच कोरडा होता." आम्ही आणखी दोन फूट गेलो. सात फुटांच्या खाली दांडा एकदम सैल फिरला, करकर वाजला आणि वर काढला तेव्हा पात्यात तांबूस मुरूम होता, गळणारा. आम्ही भोकाशी वाकलो. आत पाणी चढत होतं. दादानं बाभळीची काडी आत सोडली आणि धरून ठेवली. ऊन डोक्यावर होतं, वर दूर पाटाच्या कडेची करंजाची रांग दिसत होती. चहा पिऊन होईपर्यंत पाणी जमिनीपासून हातभर खाली येऊन थांबलं.